अथेन्सला मॅरेथॉन धावायची आणि शहरही बघायचंय: आधी काय, नंतर काय?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरमध्ये अथेन्सची मॅरेथॉन धावणार आहात. बुधवारी दुपारी पोहोचताय, रविवारी शर्यत, पुढच्या गुरुवारी परतीचं विमान. याआधी दोन मॅरेथॉन झाल्यात, दोन्ही सपाट रस्त्यावर, साडेचार तासांच्या आसपास. इतिहासाचं वेड आहे, त्यामुळे अक्रोपोलिस, दोन्ही मोठी संग्रहालयं, मॅरेथॉनचं रणांगण आणि जमलं तर प्राचीन ऑलिंपिक जिथे होत ते ऑलिंपिया, एवढं सगळं यादीत आहे. सोबतचे म्हणतात शर्यतीआधी हॉटेलातून हलायचं नाही. तुम्हाला धास्ती आहे की शर्यतीनंतर पायच उचलले नाहीत तर सगळं राहून जाईल.

मी हा रस्ता तीनदा धावले आहे आणि पहिल्या खेपेला नेमकी याच पेचात सापडले होते. तेव्हा मी ‘आधीच सगळं उरकून टाकू’ असं ठरवलं. शनिवारी सकाळी अक्रोपोलिस, दुपारी प्राचीन अगोरा म्हणजे जुना बाजारचौक, संध्याकाळी संग्रहालय. रात्री झोपताना पाय दुखत नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते. रविवारी 24व्या किलोमीटरला, चढाच्या मधोमध, दोन्ही पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. शेवटचे 18 किलोमीटर चालत-पळत गेले. त्याहून जास्त हळहळ वाटली ती याची, की शनिवारी घाईघाईत जे बघितलं त्यातलं सोमवारी काहीच आठवेना. म्हणून सविस्तर लिहिते.

‘आधी की नंतर’ असा सरसकट निवाडा करता येत नाही. प्रत्येक जागा पायांकडून काहीतरी वेगळं मागते. कुठे चढ-उतार आहे, कुठे तासन् तास उभं राहणं, कुठे नुसतं बसून जाणं. दुसरं म्हणजे काही जागा धावण्याआधी पाहिल्या तर धावण्याला अर्थ येतो, आणि काही शिल्पं धावून आलेल्या अंगानेच नीट दिसतात. या दोन गोष्टी धरून दिवस लावले की बहुतेक सगळं बसतं. ऑलिंपिया सोडून, त्याबद्दल पुढे येतेच.

आधी हे सांगते की काय काय तुमच्यावर अवलंबून आहे. तुम्हाला साडेचार तासांच्या आत यायचंच असेल तर शर्यतीआधीचे दिवस आणखी हलके करा. नुसती पूर्ण करायची असेल तर थोडी सूट घ्या. रोजच्या कामात तुम्ही दिवसभर उभे असाल तर संग्रहालयातलं उभं राहणं तुम्हाला माझ्याइतकं बाधणार नाही. उतारावर पळायचा सराव किती झालाय यावर सोमवारी-मंगळवारी तुम्ही किती चालू शकाल हे ठरेल. मी पुढे जे सांगते ते मध्यम वेगाच्या, चढाचा फारसा सराव नसलेल्या माणसाला धरून.

संग्रहालयात पाय इतके का थकतात, हे समजून घ्या, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. आपण चालतो किंवा पळतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात-सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. संग्रहालयात आपण चार पावलं टाकतो, तीन मिनिटं उभे राहतो, पुन्हा चार पावलं. तो पंप चालूच होत नाही. रक्त खाली साचतं, पाय जड होतात, कंबर धरते. त्यात खालची फरशी कडक. तीन तास संग्रहालयात म्हणजे अंतर फार तर तीन किलोमीटर, पण थकवा त्याच्या कितीतरी पट. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी संग्रहालय नको, मग ते कितीही जवळ असो.

अक्रोपोलिसची अडचण वेगळी आहे. वर जाणाऱ्या रस्त्याचे दगड आणि वरचा चुनखडीचा खडक असंख्य पावलांनी घासून गुळगुळीत झाले आहेत. चढताना काही वाटत नाही. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला मांडी ताणलेल्या अवस्थेत शरीराचं वजन पेलते, आणि स्नायूला सगळ्यात जास्त इजा अशाच कामाने होते. अथेन्सच्या मॅरेथॉनचे शेवटचे 11 किलोमीटर असेच उताराचे असल्यामुळे शर्यतीनंतर मांड्यांचं हेच होणार आहे. स्नायूंचं हे दुखणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाढतं. म्हणजे सोमवारी-मंगळवारी अक्रोपोलिस उतरणं ही शिक्षा आहे. ते शर्यतीआधीच्या गुरुवारीच करा. सकाळची पहिली वेळ घ्या. आता ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. तळ चांगला पकडणारे जुने, मुरलेले बूट घाला. शर्यतीचे बूट त्या दिवशी बाहेर काढू नका.

आणि वर गेलात की पार्थेनॉन, म्हणजे अथीना देवीचं देऊळ, बघून लगेच परतू नका. टेकडीच्या उत्तर उताराला जी पायवाट वळसा घालते, तिच्यावरून वर पाहिलं की खडकात गुहा दिसतात. त्यातली एक पॅनची, म्हणजे ग्रीकांच्या रानावनातल्या, मेंढपाळांच्या देवाची. धावणाऱ्या माणसासाठी अख्ख्या अथेन्समध्ये यापेक्षा महत्त्वाची जागा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. कारण सांगते.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात गोष्ट बसलेली असते ती अशी: फिडिपिडीस नावाचा दूत मॅरेथॉनहून अथेन्सला पळत आला, ‘आपण जिंकलो’ म्हणाला आणि कोसळला. अथेन्स आणि पर्शियन यांच्यातली ही लढाई झाली इ.स.पू. 490 मध्ये. तिच्याबद्दल सगळ्यात जवळच्या काळात लिहिणारा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस हे काहीच सांगत नाही. तो सांगतो ते असं, की लढाईच्या आधी हा धावपटू मदत मागायला स्पार्टाला गेला आणि दुसऱ्या दिवशी पोहोचला. वाटेत तेगियाच्या वरच्या डोंगरात त्याला पॅन भेटला आणि म्हणाला, अथेन्सची माणसं माझी आठवण का ठेवत नाहीत? स्पार्टावाले म्हणाले पौर्णिमा झाल्याशिवाय आम्हाला निघता येत नाही. लढाई जिंकल्यावर अथेन्सने अक्रोपोलिसखाली पॅनचं ठाणं उभारलं आणि दरवर्षी त्याच्या नावाने मशालींची शर्यत सुरू केली. म्हणजे एका लांब पल्ल्याच्या धावपटूने रस्त्यात जे अनुभवलं, त्यातून शहराला एक देव मिळाला. कोसळून मरणाऱ्या दूताची गोष्ट कितीतरी शतकांनंतरच्या लेखकांकडे येते. प्लुटार्कने तर त्या दूताची नावंही वेगळी दिली आहेत. स्पार्टाच्या त्या वाटेवर आज 246 किलोमीटरची स्पार्टाथलॉन होते, 1983 पासून. 36 तासांत पोहोचायचं आणि स्पार्टाचा राजा लिओनायडस याच्या पुतळ्याच्या पायाला हात लावायचा.

हिरोडोटसमध्येच आणखी एक धाव आहे, आणि तुम्ही रविवारी धावणार आहात ती खरं तर तिच्या जवळची. लढाई हरल्यावर पर्शियन जहाजं सुनियोनच्या टोकाला वळसा घालून अथेन्सकडे निघाली. शहरात सैन्य नव्हतं. तेव्हा लढून थकलेलं सगळं सैन्य, पाय नेतील तितक्या वेगाने, मॅरेथॉनहून अथेन्सला परत आलं आणि जहाजांच्या आधी पोहोचलं. एकटा दूत नाही, हजारो माणसं. मला ही गोष्ट कळल्यापासून 30व्या किलोमीटरला आजूबाजूच्या अनोळखी धावणाऱ्यांकडे बघायची माझी नजर बदलली आहे.

म्हणून शुक्रवारी मॅरेथॉनचं मैदान. जायला-यायला बस, चालणं फार थोडं, पायांना काही त्रास नाही. मॅरेथॉन म्हणजे बडीशेपेचं रान. नाव त्यावरून पडलंय. तिथे अथेन्सच्या वीरांची समाधी आहे: मातीचा साधा गोल ढिगारा, सुमारे 9 मीटर उंच आणि 50 मीटर रुंद. हिरोडोटस आकडा देतो 192. आत चितेची राख आणि त्या काळची मातीची भांडी सापडली आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढंच? मग समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. डोंगर आणि पाणी यांच्यामधली ती सपाट पट्टी दिसली, आणि हिरोडोटसचं वाक्य आठवलं की अथेन्सचे लोक शत्रूवर धावत चालून गेले, आठ स्टेडियन, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, ढाल-भाल्यासकट. ग्रीकांमध्ये असं करणारे तेच पहिले, असं तो म्हणतो. त्या जागी उभं राहून अंतर डोळ्यांनी मोजा. पुढे काही किलोमीटरवर छोटं संग्रहालय आहे, तिथे विजयस्तंभाचे अवशेष ठेवलेत. वेळ असेल तरच. नाहीतर परत या आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर, घ्या. शनिवारसाठी बिब ठेवू नका, रांगेत उभं राहण्यात पाय जातात.

शनिवारी काही नाही. सकाळी वीस मिनिटं हलकं पळा, दुपारी झोपा. इथे तुमचे सोबती शंभर टक्के बरोबर आहेत.

आता रस्त्याबद्दल, कारण तुम्ही दोन्ही वेळा सपाट रस्त्यावर धावला आहात आणि हा रस्ता तसा नाही. पहिले 10 किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत आणि तेच घात करतात. पाय ताजे असतात, सगळे सुसाट सुटतात. साधारण 10व्या किलोमीटरपासून चढ सुरू होतो, मध्ये थोडे खालीवर होत 31व्यापर्यंत जातो. चढ कुठेच छातीवर येणारा नाही, म्हणूनच लक्षात येत नाही की तो संपतच नाहीये. मी दुसऱ्या खेपेपासून असं करते: पहिले 10 किलोमीटर माझ्या सपाट रस्त्याच्या पेसपेक्षा किलोमीटरमागे 10-15 सेकंद सावकाश. चढावर घड्याळाकडे बघायचंच नाही. श्वास असा ठेवायचा की छोटं वाक्य बोलता यावं, वेग जो येईल तो येऊ द्यायचा. 31 नंतर उतारावर लांब टांगा टाकायच्या नाहीत. पावलं छोटी आणि भराभर, शरीर किंचित पुढे. टांग लांब गेली की टाच पुढे आपटते आणि मांडीला ब्रेक लावावा लागतो, मग शेवटच्या पाच किलोमीटरला मांड्या साथ सोडतात. या पद्धतीने दुसऱ्या वेळी मला सपाट मॅरेथॉनपेक्षा 16 मिनिटं जास्त लागली आणि कुठेही चालावं लागलं नाही. तुम्हीही तेवढा वेळ मनात धरून चला. अजून आठवडे हातात आहेत, तर एक आड एक लाँग रन अशा जागी करा जिथे शेवटचा तिसरा हिस्सा उताराचा असेल. चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कोणी करत नाही.

शेवटच्या टप्प्यात, शहराच्या मध्यात, रस्त्यालगत एक मोठं काचेचं शिल्प दिसेल. हिरवट काचेच्या कडा एकावर एक रचून केलेला धावणारा माणूस. कोस्तास वारोत्सोसचं काम, नाव ‘द्रोमेआस’, म्हणजे धावपटू. 1988 मध्ये ते शहरातल्या ओमोनिया चौकात होतं, 1994 मध्ये इथे आलं. गुरुवारी बसमधून ते बघाल तर काचांचा ढीग वाटेल. 40 किलोमीटर झाल्यावर बघाल तेव्हा कळेल की कडा अशा विस्कटलेल्या का ठेवल्यात. त्या वेळी स्वतःच्या अंगाची कड कुठे संपते आणि हवा कुठे सुरू होते हेच कळत नसतं.

तिथून काही मिनिटांत स्टेडियम. सगळं पेंटेली डोंगराच्या पांढऱ्या संगमरवराचं. इ.स.पू. चौथ्या शतकात जागा तयार झाली, इ.स. दुसऱ्या शतकात हेरोडेस अ‍ॅटिकस या धनिकाने ती संगमरवराने मढवली आणि 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी पुन्हा बांधली गेली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषातज्ज्ञाच्या सूचनेवरून त्या वर्षी पहिली मॅरेथॉन झाली, सुमारे 40 किलोमीटरची. अथेन्सजवळच्या मारूसी गावचा स्पिरिडॉन लुईस 2 तास 58 मिनिटं 50 सेकंदांत याच स्टेडियममध्ये शिरला. 42.195 हे अंतर 1908 च्या लंडन ऑलिंपिकमधलं, नियमात पक्कं झालं 1921 मध्ये. आत शिरल्यावर घड्याळ बंद करायची घाई करू नका. वर बघा.

सोमवारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. तुम्हाला वाटेल, मी आत्ताच म्हणाले की संग्रहालय पायांना मारतं. शर्यतीआधी मारतं, शर्यतीनंतर पायांकडून आपल्याला काही काम करून घ्यायचं नसतं. शिल्पांची दालनं तळमजल्यावर आहेत, बसायला जागा आहे, आणि हळूहळू चालणं दुखऱ्या पायांना बरंच वाटतं. दोन तास, जास्त नको. दर दालनात बसा.

तिथे एक छोटी शिला शोधा. इ.स.पू. 500 च्या सुमाराची, मीटरभर उंच. शिरस्त्राण घातलेला विवस्त्र तरुण, गुडघे वाकलेले, दोन्ही मुठी छातीपाशी, मान खाली झुकून मागे वळलेली. तिला पूर्वी ‘मॅरेथॉनचा धावपटू’ म्हणत. लढाईच्या आधीची असल्यामुळे ती त्या दूताची असणं शक्य नाही. कोणी म्हणतं चिलखतातल्या शर्यतीचा धावपटू, कोणी म्हणतं शस्त्रनृत्य, कोणी म्हणतं मरता मरता कोसळणारा योद्धा. पहिल्या खेपेला शनिवारी मी तिच्यासमोरून सरळ निघून गेले होते. दुसऱ्या खेपेला सोमवारी तिच्यासमोर बसले आणि आदल्या दिवशी रेषा ओलांडल्यावरचं माझंच शरीर आठवलं: पाय अजून पळायच्या तयारीत, मान मात्र सुटलेली, हात आपोआप छातीशी आलेले. अभ्यासकांचा वाद मी सोडवू शकत नाही. पण पळणं आणि कोसळणं यांच्या मधला तो क्षण कोणीतरी दगडात नीट बघून ठेवलाय, एवढं मला माझ्या अंगावरून सांगता येतं.

तिथेच आर्टेमिसियॉनच्या समुद्रातून काढलेला कांस्याचा घोडा आणि त्यावरचा लहान मुलगा आहे. त्याच्या कपाळावरच्या आठ्या बघा. जवळच मॅरेथॉनच्या उपसागरात 1925 मध्ये सापडलेला तरुणाचा कांस्यपुतळा, एका पायावर भार टाकून निवांत उभा. दोघांना एकामागोमाग बघा. वरच्या मजल्यावर लिफ्टने गेलात तर पानअथेनिया या अथीना देवीच्या उत्सवातल्या स्पर्धांचे कुंभ आहेत. विजेत्याला ते ऑलिव्हच्या तेलाने भरून देत. अशा कुंभांवर कमी पल्ल्याचे धावपटू हात लांब फेकताना दाखवतात आणि लांब पल्ल्याचे कोपर दुमडून, हात अंगाशी धरून. आपल्याला प्रत्येक प्रशिक्षक जे ओरडून सांगतो ते चित्रकाराला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी अक्रोपोलिस संग्रहालय. इथे लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, उतरायची भीती नाही. वरच्या मजल्यावर पार्थेनॉनची कोरीव शिल्पपट्टी मूळच्या क्रमाने मांडली आहे. मूळ लांबी 160 मीटर, आज त्यातला अथेन्समध्ये सुमारे 50 मीटरचा भाग आहे आणि जवळजवळ निम्मी पट्टी ब्रिटिश म्युझियममध्ये. नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सुरुवात करा, कारण पट्टीवर कोरलेली मिरवणूक तिथून दोन बाजूंनी निघते आणि पूर्वेला भेटते. तुमच्या मंगळवारच्या चालीने गेलात तर मिरवणुकीच्या वेगानेच जाल.

एवढ्यात बसतं. गुरुवार अक्रोपोलिस आणि गुहा, शुक्रवार रणांगण आणि बिब, शनिवार आराम, सोमवार-मंगळवार दोन संग्रहालयं, आणि बुधवार मोकळा उरतो.

बुधवारी ऑलिंपियाला जाऊ नका. अथेन्सहून ते जवळपास 300 किलोमीटर आहे. शर्यतीनंतर तीन दिवसांनी इतका वेळ बसमध्ये गुडघे दुमडून बसणं, आणि एवढं करून तिथे हातात तीनेक तास. ऑलिंपियासाठी वेगळी सहल करा, तिथे एक रात्र राहा. डेल्फी जवळ आहे, पण ते पूर्ण चढावर आणि स्टेडियम सगळ्यात वर. त्याऐवजी नेमिया. बहुतेकांच्या यादीत नसतं, पण प्राचीन स्पर्धांच्या चार मोठ्या जागांपैकी एक. इ.स.पू. चौथ्या शतकातलं मातीचं स्टेडियम, आणि त्यात जायला 36 मीटर लांबीचा दगडी बोगदा. बोगद्याच्या भिंतीवर आत जायची वाट बघणाऱ्यांनी कोरलेली नावं आहेत. सुरुवातीच्या दगडी रेषेत पायाच्या बोटांसाठी दोन खोबणी आहेत, एकमेकींच्या अगदी जवळ. त्या बघितल्या की कळतं, ते आजच्यासारखे वाकून सुटत नव्हते. उभ्यानेच, हात पुढे धरून सुटत. बुधवारी तुमच्या पायांना तेवढं उभं राहणं सहज जमेल.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय की शर्यतीत समाधीपाशी थांबावं का. रस्ता पाचव्या किलोमीटरच्या आसपास तिला वळसा घालतो. थांबू नका, मागून मोठी गर्दी येत असते. त्या वळणावर रस्त्याच्या कडेला या, वेग थोडा कमी करा, झाडांमधून तो ढिगारा दिसेल. वाटेत माणसं ऑलिव्हच्या डहाळ्या देतात. एक घ्या. मी माझी बिबच्या पिनेत खोचली होती, स्टेडियमपर्यंत टिकली.